नकारासोबत एक नाव

९ जानेवारी

प्रिय मामा,

फोनवर तू 'हं' आणि 'बरं' यांच्या पुढे जात नाहीस. आई म्हणते, त्याच्याशी बोलणं म्हणजे भिंतीवर चेंडू मारणं, आणि चेंडूही परत येत नाही. म्हणून पत्र लिहितेय. पत्रात तू बोलतोस, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. सुट्टी संपवून मी घरी पोचले की मागोमाग तुझं पत्र यायचं आणि वाटायचं, एवढं बोलणारा हा माणूस सुट्टीभर होता कुठे?

तर बातमी. ऑफिसात माझा विभाग बदलला. बढती म्हण, शिक्षा म्हण. आमच्या प्लॅटफॉर्मवर निर्माते भूमिका टाकतात: अमुक मालिकेचं डबिंग आहे, अशी अशी बाई हवी. यंत्रणा आवाजाच्या कलाकारांची माहिती चाळते आणि जुळतील त्यांना प्रस्ताव पाठवते. जो झटकन हो म्हणतो तो यादीत वर सरकतो, जो नाही म्हणतो तो खाली. परिणाम असा की त्याच त्या पाच-दहा आवाजांना कामं मिळतात आणि बाकीचे मोबाइलकडे बघत बसतात. परवा एका मालिकेत आई, मुलगी आणि शेजारीण अशा तिघीजणी एकाच बाईच्या आवाजात भांडत होत्या. कोण जिंकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. हे सगळं सुधारायचं काम आता माझ्या गळ्यात आहे.

आता खरी गोष्ट. कालच लक्षात आलं की मामी गेली तरी तिचं आमच्याकडचं कलाकाराचं खातं अजून बंद झालेलं नाही. नुसतं उघडं असतं तर मी बंद करून टाकलं असतं. पण मामा, ते खातं उत्तरं देतंय! प्रस्ताव आला की त्याच दिवशी नकार जातो. आणि नकार मिळालेला निर्माता नंतर आमच्याकडचाच भलता कुणीतरी कलाकार घेतो आणि खूश होतो. मला वाटतं कुणीतरी मामीच्या खात्यात शिरून दलाली करतंय. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. मामीच्या नावावर!

तू काही करू नकोस. तिच्या मृत्यूच्या दाखल्याची एक प्रत पाठव, बाकी मी बघते.

जेवत जा वेळेवर.

तुझी भिंगरी


१७ जानेवारी

चि. भिंगरी,

तुझं पत्र मिळालं. नव्या कामाबद्दल अभिनंदन. तुझ्या मामीला फार आनंद झाला असता. तुझं भिंगरी हे नाव तिनेच ठेवलं होतं आणि ही पोरगी एका जागी टिकेल तर शपथ, असंही तीच म्हणायची. दोन्ही बाबतींत तिचा अंदाज बरोबर निघाला.

दाखल्याचं म्हणशील तर तो कपाटात कुठे आहे ते पाहावं लागेल. थोडा वेळ लागेल. घाई नसावी असं मला वाटतं. कुणी निर्मात्याने तक्रार केली आहे का? नसल्यास या गोष्टीला इतकं महत्त्व का द्यावं, हे मला समजलं नाही.

एक सहज विचारतो. तुमच्याकडून प्रस्ताव येतो त्यात 'स्त्री, पंचेचाळीस ते पंचावन्न, प्रेमळ' एवढंच लिहिलेलं असतं. यावरून माणसाने काय समजावं? तुझ्या मामीला कुणी काम सांगितलं की ती तीन गोष्टी विचारायची. ही बाई कुणाशी बोलते आहे, तो माणूस किती लांब उभा आहे, आणि ती काही लपवते आहे का. ही उत्तरं मिळाली की प्रेमळ आहे की नाही ते तिचं तिला कळायचं. जेवणाच्या टेबलावर ती सराव करायची आणि समोरच्या पात्राची वाक्यं मी वाचायचो. मी वाचतो तेव्हा हजेरी घेतल्यासारखं वाटतं अशी तिची तक्रार होती. ते असो.

ताईला सांग, मी वेळेवर जेवतो.

तुझा मामा


२५ जानेवारी

प्रिय मामा,

तुला कागद सापडत नाही? तुला? घरातल्या प्रत्येक बल्बची पावती लावून ठेवणाऱ्या माणसाला? आईला हे सांगितलं तर ती सरळ बॅग भरायला लागली. म्हणाली, "माझा भाऊ खचलाय, तुला कळत कसं नाही गं?" मी कसंबसं थांबवलंय. खचला असशील तर मला सांग. खोटं बोलत असशील तरी सांग.

तुझ्या तीन प्रश्नांनी मात्र इथे धमाल केली. बैठकीत मी ते मांडले. आमचे साहेब कुणाचंही कौतुक करत नाहीत, पण त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या बाबतीत याला टाळ्या म्हणतात. आता भूमिका टाकताना निर्मात्यांना या तीन प्रश्नांची उत्तरं लिहावीच लागतील.

आणि तो दलाल! मी त्याच्यामागे हात धुवून लागले आहे. ऐक. मामीला एका पोराच्या आईचा प्रस्ताव आला. नकार गेला. मग त्या निर्मात्याने त्याच मालिकेतल्या आठ वर्षांच्या पोराच्या भूमिकेसाठी कुणाला घेतलं असेल? साठी उलटलेल्या एका काकूंना! आमची यंत्रणा या काकूंना जन्मात पोराची भूमिका देणार नाही, कारण त्यांच्या माहितीत त्यांचं वय लिहिलंय. ती त्यांना आज्या पाठवते आणि काकू आज्या नाकारून यादीत तळाला जातात. दुसरं उदाहरण म्हणजे एक तिशीतला मुलगा. त्याचा आवाज ऐंशीचा आहे. त्याला यंत्रणा कॉलेजकुमार पाठवते. त्याला आता एका मोठ्या मालिकेत आजोबा मिळालेत. हेही मामीच्या खात्यातून नकार गेल्यावरच. म्हणजे आम्ही आवाज विकतो आणि वय माणसाचं बघतो, हे मला एका चोराने शिकवलं.

चोर आहे, पण कान काय आहे त्याला!

साहेबांनी बजावलंय की हे खातं फेब्रुवारीअखेर बंद झालं पाहिजे. त्याआधी आतली पत्रं वाचायची परवानगी मी मागितलीय. मिळेल आठवड्यात.

भिंगरी


२ फेब्रुवारी

मामा,

परवानगी मिळाली. पत्रं वाचली.

"महोदय, या तारखेस मला येणे शक्य नाही. तथापि तास रिकामा जाऊ नये म्हणून एक नाव सुचवीत आहे."

तास! जगातली कुठली आवाजाची कलाकार रेकॉर्डिंगला तास म्हणते? आणि पुढे, "सदर कलाकाराचा आवाज किंचित घोगरा असला तरी वर्तन उत्तम आहे." वर्तन उत्तम आहे! शाळा सोडल्याचा दाखला देतोयस की काय?

चोर सापडला. चष्मा लावतो, बल्बच्या पावत्या ठेवतो आणि मला लहानपणी पाढे पाठ नसले की गच्चीत उभं करायचा.

मी ऑफिसात एवढ्या जोराने हसले की शेजारची पाणी घेऊन आली. तोवर मी रडत होते, म्हणून तिला वाटलं ठसका लागलाय.

रागावले नाहीये. पण का रे? आणि मला का नाही सांगितलंस?

भिंगरी


८ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

दाखला पहिल्या खणात आहे. पहिल्यापासून तिथेच होता.

का, ते सांगतो. तुझी मामी गेली त्याच आठवड्यात तिच्या मोबाइलवर एक प्रस्ताव आला. उत्तर द्यायला हवं होतं, कारण समोरचा माणूस वाट पाहत असतो. नकार देताना तुमच्याकडे कारण निवडावं लागतं. मानधन कमी आहे, भूमिका जमणारी नाही, आवाज बसला आहे, तारीख मोकळी नाही. मी बराच वेळ ते चार पर्याय वाचत बसलो. पाचवा नव्हता. शेवटी तारीख मोकळी नाही हे निवडलं. त्यातल्या त्यात तेच खरं होतं.

पण नुसता नकार पाठवायला हात होईना. तुला कदाचित ठाऊक नसेल, या आवाजाच्या लोकांत पूर्वी एक पद्धत होती. स्टुडिओतून बोलावणं आलं आणि जमणार नसेल, तर नाही म्हणायचं आणि त्याच दमात दुसऱ्या कुणाचं तरी नाव द्यायचं. नाव न देता फोन ठेवणाऱ्याला माणूसघाणा समजत. तुझी मामी तापाने फणफणली असतानाही आधी नाव सांगायची आणि मग गोळी घ्यायची. तुमच्या प्लॅटफॉर्मवर नकाराच्या खाली नाव लिहायला जागाच नाही. म्हणून मी निर्मात्यांना निराळं पत्र लिहू लागलो.

मीही उपमुख्याध्यापक म्हणून वर्षानुवर्षं हेच केलं आहे. सकाळी एखाद्या शिक्षकाची रजा आली की त्या वर्गावर कुणाला पाठवायचं ते घंटा होण्याआधी ठरवायचं. कवितेच्या तासाला गणिताचा माणूस पाठवला तर वर्ग अंगावर येतो. कुणाच्या जागी कोण चालेल, हे मला थोडंफार कळतं. आणि या लोकांचे आवाज मला पाठ आहेत. आमच्याच टेबलावर बसून ते सराव करायचे. मी शेजारच्या खोलीत पेपर तपासायचो.

आधी कलाकाराला विचारायचं, मग नाव द्यायचं, असा माझा क्रम आहे. त्यांनाही मी तिच्याच नावाने लिहितो. ती नाही हे त्यांच्यापैकी कुणाला मी कळवलेलं नाही. कळवायचं होतं. रोज उद्या म्हणत राहिलो.

एक विनंती आहे. ती घोगरी, जिचं वर्तन मी उत्तम म्हटलं आणि तू हसलीस, तिला आजवर चेटकिणी आणि तुरुंगातल्या पहारेकरणी यांशिवाय काही मिळालेलं नाही. एकदा तर तिला गंजलेल्या दरवाजाचं काम आलं. घरी दोन मुलं आहेत आणि ती मुलांशी बोलते तेव्हा तो आवाज ऐकावा. एका मालिकेत आईच्या भूमिकेसाठी मी तिचं नाव दिलं आहे. निर्माता कां-कूं करतो आहे. तेवढं होईपर्यंत खातं राहू दे.

तुझा मामा


१५ फेब्रुवारी

प्रिय मामा,

साहेबांना सगळं सांगितलं. लपवून निभावलं नसतं. झालेला संवाद जसाच्या तसा देते.

"म्हणजे गेलेल्या बाईंच्या खात्यावरून एक निवृत्त मास्तर आपल्या कलाकारांना कामं लावतोय?"

"हो, सर."

"आणि निर्माते खूश आहेत?"

"त्यातले बरेच पुन्हा थेट त्याच खात्याला प्रस्ताव पाठवतात. नकार येणार हे माहीत असून. नकारासोबत नाव येतं ना."

"मग आपली यंत्रणा काय करतेय?"

"प्रस्ताव चुकीच्या पत्त्यावर पाठवतेय, सर. म्हणून तर मामाला काम आहे."

साहेब हसले. म्हणजे ओठांचा एक कोपरा हलला. मी संधी साधली आणि सगळं मागून घेतलं. आता नकाराच्या खाली एक जागा येणार: 'मग कोण?' तिथे नाव दिलं की प्रस्ताव थेट त्या माणसाकडे जाईल आणि कुणी नाव सुचवलं तेही दिसेल. नकार देणारा यादीत खाली जाणार नाही. माहितीत माणसाच्या वयाऐवजी आवाजाचं वय विचारलं जाईल. काकूंना मी फोन करून विचारलंसुद्धा, तुमच्या आवाजाचं वय काय लिहू? तर म्हणाल्या, "लिही, साडेसात. आठव्या वर्षी पोरं शहाणी होतात."

आणि ज्यांना स्वतः काम नको, पण नावं सुचवता येतात, त्यांच्यासाठी वेगळं खातं असेल. पहिलं तुझं. तुझ्या स्वतःच्या नावाने.

पण साहेब एका गोष्टीवर अडून बसले, आणि मामा, ते बरोबर आहेत. मामीचं खातं बंद होणार आणि त्याआधी तिथल्या सगळ्यांना कळवावं लागणार की ती नाही. इथून पाठवायचा ठरलेला मजकूर आहे, 'कळवण्यास अत्यंत दुःख होते की' असा. मी एका बटणात पाठवू शकते. पण मला वाटलं, तूच लिहावंस. महिनाअखेरपर्यंत.

भिंगरी


२४ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

तो ठरलेला मजकूर कृपया पाठवू नये. मी लिहीन.

लिहायला बसतो आणि होत नाही. पहिलं वाक्य 'माझी पत्नी' असं सुरू होतं आणि पुढचा शब्द येत नाही. परवा तीन वेळा बसलो. शेवटी टेबल पुसून ठेवलं.

घोगरीचं काम गेलं. निर्मात्याने चाचणी घेतली, त्याला आवाज आवडलाही. मग त्याने खात्यावर लिहिलं, "बाई, तुमच्या शब्दावर मी हा धोका पत्करीन, फक्त पाच मिनिटं माझ्याशी फोनवर बोला." मी कसा बोलणार? मी उत्तर दिलं नाही. त्याने दुसरी घेतली.

घोगरीने लिहिलं, "होतं असं कधीकधी. मनाला लावून घेऊ नका." मी मात्र लावून घेतलं आहे. नाव मी दिलं आणि नावामागे उभं राहायची वेळ आली तेव्हा तिथे कुणी नव्हतं.

तुझा मामा


१ मार्च

मामा,

साहेबांना सांगितलंय की यंत्रणेत बिघाड आहे, खातं बंद व्हायला आठ दिवस लागतील. बिघाड मीच केलाय. आता ढकलता येणार नाही.

लांबलचक लिहू नकोस. शिक्षक रजेवर गेले की तू फळ्यावर किती शब्द लिहायचास?

भिंगरी


१४ मार्च

चि. भिंगरी,

तुझं पत्र वाचलं आणि त्याच दुपारी पाठवलं. तुला प्रत मिळाली असेलच, तरी लिहितो.

"माझी पत्नी गेल्या वर्षी वारली. त्यानंतर या खात्यावरून आलेली सर्व उत्तरं मी लिहिली आहेत. तिने कधी कुणाला नुसता नकार दिला नाही, तो मलाही देववला नाही. यापुढे मी माझ्या नावाने लिहीन."

पाठवलं आणि मोबाइल उपडा ठेवून स्वयंपाकघरात गेलो. आता सगळे काय म्हणतील, फसवलं म्हणतील, या विचाराने भाताकडे लक्ष राहिलं नाही. तो लागला.

कुणाचंच उत्तर आलं नाही. संध्याकाळी दाराची घंटा वाजली. काकू, तिशीतले आजोबा आणि घोगरी असे तिघे दारात होते. काकू आत येत म्हणाल्या, "मास्तर, काहीतरी जळलंय तुमच्याकडे."

मी म्हटलं, "माझं पत्र मिळालं का?"

"मिळालं. उशीर केलात. आम्हाला वाटलं होतं दोन महिन्यांत सांगाल."

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. काकू म्हणाल्या, "अहो, तुम्ही मला लिहिलंत, आपणांस सोयीचे असल्यास कळवावे. ती असती तर म्हणाली असती, म्हातारे, ऊठ, काम आलंय. आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडात शब्द बसवतो आम्ही. कोण बोलतंय ते आम्हाला कळणार नाही?"

घोगरी म्हणाली, "आणि स्वल्पविराम कसले टाकता! ती श्वास घ्यायलासुद्धा थांबायची नाही."

आजोबा हळूच म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी स्मशानात मी तुमच्या मागेच उभा होतो. आम्ही सगळेच होतो." त्या दिवशी मी कुणाकडे पाहिलंच नव्हतं.

मी विचारलं, "मग कुणी बोललं का नाही?"

"तुम्ही तिच्या नावाने लिहीत होता, आम्ही तिला उत्तरं देत होतो," काकू म्हणाल्या. "चाललं होतं ना बरं? आणि कामंही मिळत होती, ते काय वाईट? आता सरका, तो भात माझ्याकडे द्या."

ते उशिरापर्यंत बसले. टेबलाभोवतीच्या चारही खुर्च्या भरल्या. तिच्याविषयी बोलणं निघालं. ती डबिंग करताना पायातल्या चपला काढून हातात धरायची, हे मला ठाऊक नव्हतं. एवढे हसलो की वरच्या मजल्यावरच्यांनी खाली येऊन चौकशी केली.

माझं नवं खातं सुरू झालं आहे. तुझी 'मग कोण?' ही जागा चांगली आहे, पण अक्षरं फार बारीक आहेत. ते बघ.

काल त्या खात्यावर पहिलं काम आलं. एका निर्मातीने तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं नीट लिहिली होती. बाई गच्चीत उभी आहे, नवरा खाली रस्त्याच्या पलीकडे आहे, आणि तो विसरलेली पिशवी घ्यायला परत यावा म्हणून ती त्याला हाक मारते आहे. ओरडणं हवं, पण त्यात राग नको. काही लपवते आहे का, याचं उत्तर होतं, तो आज जाऊ नये असं तिला वाटतं आहे. खाली लिहिलं होतं, बऱ्याच जणी ऐकल्या, सगळ्या ओरडतात, हाक कुणालाच जमत नाही. कोण?

मी दोनदा वाचलं आणि लिहिलं, "अशी हाक मारणारी एक होती, माझी पत्नी. ती आता नाही. तिच्या खालोखाल मी या बाईंचं नाव देतो. आवाज घोगरा आहे. त्याला घाबरू नये. मुलांना जेवायला बोलावतात तेव्हा तिसऱ्या गल्लीतली पोरंही घरी जातात. या नावामागे मी आहे, केव्हाही विचारावं."

निर्मातीने हाकेचा नमुना मागवला, ऐकला आणि मला एकच प्रश्न विचारला. मंगळवारी त्या मोकळ्या आहेत का?

मोकळ्या आहेत.

तुझा मामा